प्रोसेसर बदलला आणि पीसी मेला. पंखे फिरतात, डिस्प्ले नाही. शुक्रवारच्या आत चालू पाहिजे!!

जेकार्डवाला | सोमवार, रात्री ११:५२

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी लिहितोय आणि तेही अडचणीत आल्यावरच, माफी असावी.

मी घरून टॉवेल आणि चादरीच्या जेकार्ड डिझाइन (विणतानाच कापडात उमटणारी नक्षी) करतो, अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या दोन-तीन कारखान्यांसाठी. पीसी २०१९ मध्ये असेंबल केलेला, रायझन ३ २२००जी, बी४५० चा मदरबोर्ड, ८ जीबी रॅम, ४५० वॅटचा एसएमपीएस (करंट पुरवणारा बॉक्स). इतकी वर्षं कुरकुर नाही. पण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि आमच्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरचं नवीन व्हर्जन विंडोज ११ मागायलंय, आणि ११ म्हणतंय तुमचा प्रोसेसर आमच्या यादीत नाही. म्हणलं चला प्रोसेसरच बदलू, सॉकेट (बोर्डवर प्रोसेसर बसतो ती जागा) तोच आहे. नवी पेठेतून रायझन ५ ५६०० आणला आणि ८ जीबीची आणखी एक रॅमची पट्टी.

रविवारी जेवण करून यूट्यूबवर व्हिडिओ बघून बघून बसवला. बटण दाबलं की पंखा फिरतोय, रॅमची लाइट लागतीय, मॉनिटरवर मात्र "नो सिग्नल". बीप पण नाही. एचडीएमआय केबल घट्ट बसवलीय, दुसरी लावून पण बघितली. शुक्रवारी पार्टीला सॅम्पलची डिझाइन द्यायचीय आणि सगळ्या फायली त्याच डब्यात आहेत. कुणीतरी मार्ग दाखवा.

गड्डाप्रेमी | मंगळवार, सकाळी ७:१०

रॅम काढून खोडरबरने पुसून परत लावा. ९९ टक्के तेच असतं.

सातरस्ता | मंगळवार, सकाळी ८:३५

काका, पहिल्यांदा एसएमपीएसची वायर बघा. प्रोसेसरच्या वरच्या कोपऱ्यात चार किंवा आठ पिनची वेगळी वायर असते, ती राहिली तर पंखे मस्त फिरतात पण प्रोसेसरला करंटच मिळत नाही, आमच्या दुकानात दर महिन्याला असा एक डबा येतो आणि गिऱ्हाईक शपथ घेऊन सांगतं की सगळं लावलंय. ते झालं की बोर्डची गोल बॅटरी, सीआर२०३२, मेन वायर काढून पाच मिनिटं बाहेर ठेवा म्हणजे बायोसची (विंडोजच्या आधी चालू होणारा बोर्डमधला प्रोग्रॅम) सेटिंग रिसेट होईल. मग एकच रॅम, जुनी, प्रोसेसरपासून दुसऱ्या नंबरच्या स्लॉटमध्ये. हार्डडिस्क वगैरे सगळं सोडवा. तरी नाही झालं तर बोर्ड कॅबिनेटच्या बाहेर पुठ्ठ्यावर ठेवून चालू करा, एखादा स्क्रू खाली टेकून शॉर्ट होत असंल तर कळंल.

आणि बटण दाबल्यावर लगेच बंद करू नका. नवीन रॅम असली की पहिल्यांदा एक-दोन मिनिटं पण लागू शकतात.

जेकार्डवाला | मंगळवार, दुपारी ३:०५

गड्डाप्रेमी, पोरीच्या कंपासमधलं खोडरबर घेऊन दोन्ही पट्ट्या पुसल्या. तिची बोलणी खाल्ली, डिस्प्ले नाही आला.

सातरस्ता, आठ पिनची वायर लावलेली आहे, काढून परत टक आवाज येईपर्यंत दाबली. बॅटरी अर्धा तास काढून ठेवली. एक रॅम, दोन रॅम, स्लॉट बदलून, सगळं झालं. पुठ्ठा पण झाला (चादरीच्या बॉक्सचा, आपल्याकडं पुठ्ठ्याला काय कमी). तसंच. पंखा फिरतोय आणि मी त्याच्याकडं बघत बसलोय.

एक गोष्ट दिसली, कीबोर्डवर नंबर लॉकचं बटण दाबलं तर लाइट लागत नाही. आधी लागायची.

हुतात्मा_एक्सप्रेस | मंगळवार, दुपारी ४:२०

दादा आता बोलून उपयोग नाही पण एवढी घाई नव्हती. मायक्रोसॉफ्टने घरगुती लोकांना विंडोज १० चे सिक्युरिटी अपडेट ऑक्टोबर २०२६ पर्यंत द्यायची सोय ठेवलीय, सेटिंगमध्ये जाऊन नोंदणी केली की झालं.

आणि २२००जी ची गंमत अशी की नंबर २००० च्या मालिकेतला असला तरी आतला गाभा पहिल्या झेनचाच (रायझनच्या पहिल्या पिढीचाच) आहे, म्हणून तो यादीत नाही. त्याच्यानंतरचा ३२००जी चालतो. नंबरावर जाऊ नये ते यासाठीच.

गड्डाप्रेमी | मंगळवार, दुपारी ४:४४

घर जळताना विहिरीची जागा सांगू नका हो. माणसाला शुक्रवारी माल द्यायचाय.

कडकभाकरी | मंगळवार, रात्री ९:३०

तीन प्रश्न. उत्तरं नीट बघून द्या, आठवून नको.

प्रोसेसरच्या बॉक्सवर ५६०० च्या पुढं एखादं अक्षर आहे का? एचडीएमआयची केबल नेमकी कुठं लावलीय, बोर्डच्या मागं यूएसबीच्या शेजारी, का खाली वेगळ्या ग्राफिक्स कार्डला? आणि बोर्डचा बायोस कधी अपडेट केला होता?

जेकार्डवाला | मंगळवार, रात्री १०:०२

कडकभाकरी भाऊ, बॉक्सवर नुसतं ५६०० आहे. केबल पहिल्यापासून जिथं होती तिथंच, यूएसबीच्या शेजारी. वेगळं कार्ड कधीच नव्हतं, आपण काय गेम खेळत नाही. बायोस म्हणजे ते निळं पान येतं ते ना? त्याला २०१९ पासून हात लावलेला नाही. बोर्डचा मॉडेल नंबर तुम्हाला मेसेज केलाय.

कडकभाकरी | मंगळवार, रात्री १०:४१

भाऊ नाही, ताई. असू द्या.

तुमचे दोन घोटाळे झालेत आणि ते एकमेकांवर चढून बसलेत म्हणून कळायला अवघड जातंय.

पहिला. तुमचा जुना २२००जी, त्यातला जी म्हणजे ग्राफिक्स आतच आहे. म्हणून बोर्डच्या मागं केबल लावली की चित्र यायचं. ते चित्र बोर्ड काढत नव्हता, प्रोसेसर काढत होता, बोर्डवरचं भोक म्हणजे नुसती खिडकी. तुम्ही आणलेल्या ५६०० मध्ये ग्राफिक्सच नाही. सहा कोर आहेत, बारा थ्रेड आहेत, काम करायला वाघ आहे पण त्याला चित्र काढता येत नाही. वेगळं कार्ड लावल्याशिवाय त्या खिडकीतून जन्मात काही दिसणार नाही. तुम्हाला पाहिजे होता ५६००जी.

दुसरा. नुसतं ग्राफिक्स नसतं तर बहुतेक बोर्ड आतल्या आत चालू होतात, फक्त दिसत नाही. मग नंबर लॉकची लाइट लागली असती. ती लागत नाही म्हणजे गाडी त्याच्याही आधी अडकलीय. बी४५० चा बोर्ड २०१८ चा, तुमचा बायोस २०१९ चा. ५००० मालिकेचे प्रोसेसर नोव्हेंबर २०२० मध्ये आले आणि तुमच्यासारख्या ४०० मालिकेच्या बोर्डांना त्यांची ओळख करून देणारे बायोस त्यानंतरच यायला लागले. तुमच्या बोर्डला हा पाहुणा कोण तेच माहीत नाही, दार कसं उघडंल. सॉकेट तोच आहे हे खरं, एएम४, पण भोकं जुळली म्हणजे पत्रिका जुळली असं होत नाही.

उपाय: जुना २२००जी परत बसवा, त्याच्यावर पीसी चालू करा, बायोस अपडेट करा, मग नवीन लावा.

सातरस्ता | मंगळवार, रात्री १०:५५

च्यायला. ताई बरोबर आहेत. मी दिवसभर वायरीच बघायला लावल्या. ५६०० वाचून जी आपोआप डोक्यात लागला माझ्या.

जेकार्डवाला | मंगळवार, रात्री ११:३०

ताई, सॉरी आणि धन्यवाद.

आता एक सांगायचं राहिलं होतं, सांगू का नको करत होतो. रविवारी जुना प्रोसेसर काढताना कूलरचे चार स्क्रू सोडवले आणि कूलर वर ओढला तर प्रोसेसर त्याला चिकटूनच बाहेर आला. सॉकेटचा खटका उघडलेला नव्हता. मला वाटलं असंच निघत असंल. आता बसवायला गेलो तर तो सॉकेटमध्ये बसंना. मोबाइलच्या टॉर्चमध्ये बघितलं तर एका कडेला चार पिना वाकड्या दिसायल्यात. फोटो टाकलाय.

गड्डाप्रेमी | मंगळवार, रात्री ११:३३

अरे देवा सिद्धेश्वरा.

सातरस्ता | मंगळवार, रात्री ११:४८

हे आधी सांगायचं ना काका!! वर्षानुवर्षं उन्हाळ्यात तापून तापून कूलर आणि प्रोसेसरच्या मधल्या पेस्टचं पार सिमेंट होतं, आणि या सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरला असतात, वरून पत्र्याचं झाकण नसतं, त्यामुळं कूलर ओढला की खटका लावलेला असला तरी प्रोसेसर उपटून येतो. तुमची चूक नाही, बऱ्याच जणांचं होतं, पण दाबून बसवायला जाऊ नका, प्लीज. एक पिन मोडली की संपला विषय.

कडकभाकरी | बुधवार, सकाळी ६:५०

फोटो बघितला. चारही पिना मुळातून तुटलेल्या नाहीत, झुकल्यात. होईल.

मुलीच्या कंपासमध्ये पेन-पेन्सिल असंल, मागं दाबलं की लेड येतं ती. लेड काढून टाका. पुढची जी बारीक नळी राहते ती वाकड्या पिनेवर अलगद घाला आणि एका दमात सरळ करू नका, थोडं या बाजूला, थांबा, परत थोडं. शेजारच्या सरळ पिनांच्या रांगेशी डोळा लावून बघा, आडवं आणि उभं दोन्हीकडून. एकूण १३३१ पिना आहेत, म्हणजे रांग चुकली की लगेच कळते. नंतर जुनं एटीएम कार्ड दोन रांगांमधून हळूच सरकवलं की उरलेला बाक जातो.

त्याआधी प्रोसेसरच्या डोक्यावरची जुनी पेस्ट पुसून घ्या, पण पिनांकडं जाऊ देऊ नका. नायलॉनची साडी-बिडी जवळ नको, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून मग काम सुरू करा. थंडीत हवा कोरडी असते, अंगातला करंट बसतो.

बसवताना खटका पूर्ण वर. कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवा. स्वतःच्या वजनानं खाली बसला पाहिजे, बोटानं दाबायची गरज पडली तर समजा अजून एक पिन तिरकी आहे.

टाकी_भरली_का | बुधवार, सकाळी ९:१५

मला यातलं शष्प कळत नाही पण काल रात्रीपासून वाचतेय. काय झालं हो काका? आमच्याकडं आज पाणी यायचा दिवस आहे तरी मोबाइल सोडवत नाही.

जेकार्डवाला | बुधवार, दुपारी २:४०

झालं!!!!

पेन-पेन्सिल परत पोरीचीच. यावेळी तिलाच शेजारी बसवलं, तिची नजर चांगली. ताई तुम्ही सांगितलं तसं थोडं थोडं करत पाऊण तास लागला. खरं सांगू का, आमचे वडील मागावर होते, धागा तुटला की फणीतून परत ओवून घ्यायचा, लहानपणी ते काम माझ्याकडंच असायचं, बारीक डोळे करून, श्वास धरून. तीच सवय उपयोगी आली. चौथी पिन जरा जास्तच वाकली होती, ती सरळ होताना हाताला घाम आला.

प्रोसेसर आपणहून खाली बसला. पेस्ट लावली, कूलर, जुनी रॅम, बटण. आधी काहीच नाही, माझं पाणी पाणी. मग लक्षात आलं मागची एचडीएमआय केबल मीच काढून ठेवलेली. लावली आणि विंडोजचं पान आलं. घरात ओरडलो.

पहिलं काम, सगळ्या डिझाइन हार्डडिस्कवरून पेनड्राइव्हवर घेतल्या. आता बायोस.

कडकभाकरी | बुधवार, दुपारी ३:२०

शाब्बास. कॉपी घेतली हे सगळ्यात चांगलं केलं.

बायोस फक्त बोर्डच्या कंपनीच्या साइटवरून, तुमच्याच मॉडेलचा आणि तुमच्याच रिव्हिजनचा. रिव्हिजन बोर्डच्या कोपऱ्यात बारीक छापलेली असते, ती चुकली तर फाइल वेगळी. खालच्या टिपा पण वाचा, काही बोर्डांना आधी मधलं एक व्हर्जन टाकून मग शेवटचं टाकावं लागतं. फाइल अनझिप करून फॅट३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर टाका, आणि तो पेनड्राइव्ह डिझाइनच्या कॉपीचा नको, दुसरा घ्या. बायोसच्या आतूनच अपडेट करायचं, विंडोजमधून नको.

आणि लाइट. अपडेट चालू असताना लाइट गेली तर बोर्ड वीट होऊन बसंल. इन्व्हर्टर आहे का?

जेकार्डवाला | बुधवार, दुपारी ३:३१

इन्व्हर्टरवर फक्त पंखा आणि ट्यूब आहे. शेजाऱ्यांकडून यूपीएस आणतो.

हुतात्मा_एक्सप्रेस | बुधवार, दुपारी ३:५०

यूपीएसची बॅटरी आधी तपासा, नाहीतर तो यूपीएस फक्त टेबल म्हणून ठेवलेला असायचा. मागे एकानं सांगितलं आहे म्हणून मी भरवसा ठेवला आणि तीन सेकंदांत टुंई करून गेला.

जेकार्डवाला | बुधवार, संध्याकाळी ६:१०

यूपीएसवर टेबल लॅम्प लावून प्लग काढून बघितला, दहा मिनिटं टिकला. मग बायोस टाकला. ती निळी पट्टी सरकत असताना मी, बायको आणि पोरगी तिघं एका रांगेत उभं, कुणी बोलंना. झालं, रिस्टार्ट झाला, चालू आहे.

आता प्रश्न प्रोसेसरचा. ५६०० ठेवून कार्ड घेऊ का बदलून ५६००जी आणू?

सातरस्ता | बुधवार, संध्याकाळी ६:४५

ठेवा. ५६०० मध्ये एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) ३२ एमबी आहे, ५६००जी मध्ये निम्मी, १६. एखादं जुनं साधं कार्ड लावा, स्वस्तात मिळंल, काम भागलं.

कडकभाकरी | बुधवार, रात्री ८:०५

सातरस्ता, कॅशचा फरक खरा आहे पण तो गेममध्ये दिसतो, टॉवेलच्या डिझाइनमध्ये नाही. आणि "जुनं साधं कार्ड" हाच पुढचा खड्डा आहे. खूप जुन्या कार्डात यूईएफआयचा (नवीन पद्धतीच्या बायोसचा) भाग नसतो. विंडोज ११ साठी सिक्युअर बूट (पीसी चालू होतानाची सुरक्षा तपासणी) लागणार, म्हणजे बायोसमधला सीएसएम (जुन्या पद्धतीनं चालू करायची सोय) बंद करावा लागणार, आणि तो बंद केला की असलं कार्ड सुरुवातीला चित्रच देत नाही. काका परत इथं "नो सिग्नल" लिहायला येतील.

सातरस्ता | बुधवार, रात्री ८:२०

सगळी जुनी कार्डं तशी नसतात हो ताई, मी किती लावलीत.

कडकभाकरी | बुधवार, रात्री ८:२६

तुम्ही बघून लावता. काका बघून घेतील का? अक्षर न बघता प्रोसेसर घेतलाय त्यांनी.

जेकार्डवाला | बुधवार, रात्री ८:४०

हाणा अजून.

जेकार्डवाला | गुरुवार, दुपारी ४:१५

दुकानात जाऊन आलो. बॉक्स, बिल, कूलर सगळं नीट होतं म्हणून दुकानदारानं बदलून दिला, थोडे पैसे कापले. भांडायला जागाच नव्हती, म्हणला तुम्ही ५६०० मागितला, मी ५६०० दिला. खरंय बे.

२२००जी काढताना यावेळी ताईंनी मेसेजमध्ये सांगितलं तसं आधी पंधरा मिनिटं पीसी चालू ठेवून गरम केला, मग बंद करून, वायर काढून, कूलर वर न ओढता डावीकडं-उजवीकडं पिळला. लोण्यासारखा सुटला. ५६००जी बसवला, तुरीच्या दाण्याएवढी पेस्ट, बटण.

काळ्या पडद्यावर इंग्रजीत मेसेज आलाय की नवीन प्रोसेसर लावलाय, एफटीपीएम बदललंय, वाय दाबा नाहीतर एन दाबा. दाबू काय? हात लावलेला नाही.

कडकभाकरी | गुरुवार, दुपारी ४:२२

थांबलात ते बरं केलं. एफटीपीएम म्हणजे प्रोसेसरच्या आधारानं चालणारी किल्ल्यांची तिजोरी. प्रोसेसर बदलला की जुन्या किल्ल्या चालत नाहीत. वाय दाबलं की तिजोरी रिकामी होऊन नवीन सुरू होते. बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरच्या डेटाला कुलूप लावणारी सोय) चालू असंल तर विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागंल, ती नसली तर डेटा गेला. तुमचं चालू होतं का?

जेकार्डवाला | गुरुवार, दुपारी ४:२५

नाही, काल तुम्ही मेसेजमध्ये बघायला सांगितलं होतं तेव्हा बघितलं, बंद आहे. दाबतो वाय.

जेकार्डवाला | गुरुवार, दुपारी ४:३८

ताई डिस्प्ले आला, प्रोसेसरचं नाव आलं, सोळा जीबी रॅम दिसतीय पण विंडोजच सुरू होईना. परत परत बायोसमध्येच जातंय. एसएसडी यादीत दिसतीय.

सातरस्ता | गुरुवार, दुपारी ४:४४

ह्यावेळी मी सांगतो. २०१९ चं इन्स्टॉलेशन एमबीआर पद्धतीचं (डिस्कची जुनी मांडणी, सीएसएमशिवाय चालू न होणारी) असणार. काल २२००जी वर चालत होतं, पण आता प्रोसेसर बदलल्यावर बायोसची सेटिंग परत मुळावर गेली असंल आणि त्यात सीएसएम बंद. बूटच्या पानावर सीएसएम चालू करा, सेव्ह करून बाहेर पडा.

जेकार्डवाला | गुरुवार, दुपारी ४:५१

आलं!! सातरस्ता, एक चहा तुझ्या नावचा.

कडकभाकरी | गुरुवार, संध्याकाळी ५:०५

बरोबर पकडलं सातरस्ता.

काका, आता विंडोज ११ च्या मागं लागू नका. उद्या सॅम्पल द्या. नंतर निवांत एमबीआर टू जीपीटी नावाचं टूल वापरा, विंडोज १० मध्येच असतं, डेटा न पुसता डिस्कची पद्धत बदलतं. आधी तपासणीचा पर्याय चालवायचा, तो पास झाला तरच पुढं, आणि कॉपी असल्याशिवाय नाहीच. मग सीएसएम बंद, सिक्युअर बूट चालू, आणि मग ११.

जेकार्डवाला | शुक्रवार, रात्री ९:२०

सॅम्पल गेलं. पार्टीला मोराची कोर आवडली, पण रंग बदलायला सांगितलेत, ते चालायचंच. ११ रविवारी टाकतो.

२२००जी शिल्लक आहे. पिना सरळ केलेला आहे, हे सांगूनच देणार. कुणाला पाहिजे का?

गड्डाप्रेमी | शुक्रवार, रात्री ९:३४

भाच्याच्या पीसीला पाहिजे होता. कितीला देता?

जेकार्डवाला | शुक्रवार, रात्री ९:४०

पैसे नको. अर्धा किलो शेंगाचटणी, उखळात कुटलेली. आणि भाच्याला बायोस आधी बघायला सांगा.

गड्डाप्रेमी | शुक्रवार, रात्री ९:४१

चार पिना वाकलेल्या होत्या. पाव किलो.